नऊ सीटची जीप

जीपवरचा हिरवा रंग वाळला तेव्हा मितेशला वाटलं, आता चार सह्या म्हणजे पाच मिनिटांचं काम. ज्याने चौदा महिने गंजलेले बोल्ट रॉकेलमध्ये भिजवले, त्याला चार नातेवाईक काय जड जाणार होते. रविवारी सकाळी त्याने जीप बंगल्यासमोर लावली, वर चादर टाकली, आणि ओट्यावरच्या टेबलावर ना-हरकतीचे चार अर्ज मांडून त्यांच्यावर वजन म्हणून एक जुना स्पार्क प्लग ठेवला.

जीप केसरीनाथची. काल्हेरच्या शेतांत गोडाऊनं उभी राहिली नव्हती तेव्हापासूनची. केसरीनाथ जाऊन दोन वर्षं झाली तरी कागदावर मालक तोच होता आणि नोंदणीची मुदत या महिन्याअखेर संपत होती. सोमवारी अकरा वाजता आरटीओत तपासणी होती आणि तिथे सगळ्या वारसांच्या सह्या लागणार होत्या. म्हणजे केसरीनाथची बायको राहीबाई आणि तिची तीन मुलं, बाळाराम, कुमार आणि आक्का. बाळाराम हा मितेशचा बाप. त्याने मुलाला स्पष्ट सांगितलं होतं की सह्या झाल्या तर जीप तुझी, नाही झाल्या तर मंगळवारी भंगारवाला येईल. दारात बसलेल्या गाडीची बाळंतपणं तो आणखी काढणार नव्हता.

मितेश सव्वीस वर्षांचा, गोडाऊनात डिस्पॅच सुपरवायझर. दिवसभर ट्रक बघून पोट भरत नसे म्हणून संध्याकाळी तो गाड्यांवर व्हिडिओ करायचा. त्याचा चॅनेल चार हजार माणसं बघत होती आणि त्याचं मत एकच होतं, तेच तो वेगवेगळ्या गाड्यांसमोर उभा राहून सांगायचा. कंपनीने दिली तशी गाडी ठेवा. इंजिनिअर लोक तीन वर्षं बसून टायरची रुंदी ठरवतात आणि आपली पोरं तीन तासांत ती बदलून आणतात. बाहेर आलेला टायर दारावर चिखल उडवतो आणि बेअरिंग खातो. स्प्रिंग कापून गाडी खाली केली की ती प्रत्येक स्पीडब्रेकरच्या पाया पडते. सायलेन्सर फाडला तर ताकद वाढत नाही, शेजाऱ्यांशी बोलणं बंद होतं. खालच्या निळ्या लाइटने रस्ता दिसत नाही, फक्त मालक दिसतो. हे सगळं भिवंडीत सांगणं म्हणजे हळदीच्या मांडवात उभं राहून डीजे बंद करा म्हणण्यासारखं होतं, तरी तो सांगायचा.

आजोबांच्या जीपवर त्याने हे मत पुरेपूर चालवलं होतं. चाळीस वर्षांत घरच्यांनी तिला जे जे चिकटवलं, जोडलं, ठोकलं, ते सगळं त्याने काढलं. कंपनीच्या जुन्या पुस्तिकेची प्रत समोर ठेवून तो एकेक गोष्ट मूळपदावर आणत गेला. स्टिअरिंग बॉक्ससुद्धा नवा टाकला, कारण केसरीनाथ ही जीप वज्रेश्वरीहून येताना अंबाडीच्या अलीकडे, भर दुपारी, सरळ रस्त्यावर, दोनदा नाल्यात घालून आला होता. पहिल्यांदा म्हैस आडवी आली असं त्याने सांगितलं, दुसऱ्यांदा ब्रेक लागला नाही असं. मितेशचा म्हशीवर विश्वास नव्हता. दोष स्टिअरिंगचा, असं त्याने अकरा मिनिटांच्या एका व्हिडिओत सिद्ध केलं होतं. गॅरेजवाला इद्रिस मिस्त्री जुना बॉक्स हातात फिरवत म्हणाला होता, "बाबू, ये तो एकदम सही है." पण इद्रिसचा चॅनेल नव्हता.

पहिला आला कुमारकाका. तो आल्याचं कळायला बघावं लागत नसे. त्याची काळी गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तीन सुरांचा भोंगा वाजायचा आणि अलीकडे तो ऐकला की मितेशला उगीच लहान झाल्यासारखं वाटायचं, का ते कळत नसे. त्या गाडीला रुंद टायर होते, खाली निळे लाइट होते, मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत 'कुमारशेठ' होतं, आणि पुढे लोखंडाची अशी जाळी होती की समोरून येणारा आधी सॉरी म्हणायचा. मितेशने एकदा नाव न घेता या गाडीवर व्हिडिओ केला होता. काकाने तो नाव न घेता सगळ्या भावकीला पाठवला होता.

कुमारने चादरीचं टोक उचलून आत बघितलं.

"छान हाय," तो म्हणाला. "म्युझियमची वाटते. तिकीट किती?"

मितेशने त्याला मूळपणाचं महत्त्व समजावून सांगितलं. कुमारने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू पँट घेतोस ती खालून कापून घेतोस का न्हाय? का कंपनीनं दिली तशी रस्त्यानं ओढत नेतोस? कंपनीनं माझं माप कधी घेतलं? गाडी घरी आली की मंग तिला मापात आनायची असते." त्याचं सहीबद्दलचं म्हणणं मात्र सरळ होतं. आक्का सही करेल तर तोही करेल.

मितेशला हायसं वाटलं, कारण आक्का म्हणजे त्याची हक्काची आत्या. बारावीला नापास झाला तेव्हा सगळं घर विरुद्ध आणि ती एकटी बाजूने होती.

आक्का साडेअकराला अंबाडीहून आली, नवऱ्यासह. या नवऱ्याला बाळाराम आणि कुमार दाजी म्हणत, म्हणून मितेशही म्हणे, आणि आता नाक्यावरचा पानवालाही दाजीच म्हणत होता. घरात दाजी येताच पंखा त्यांच्याकडे वळे, चांगली खुर्ची पुढे येई आणि सगळे त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत. जावयाला काम सांगायचं नाही आणि घरच्या मामल्यात ओढायचं नाही, हा केसरीनाथचा नियम होता. एकदा दाजी स्वतः उठून पाण्याचा तांब्या घ्यायला गेले तर सासऱ्याने चारजणांत बाळारामला झापलं होतं. तेव्हापासून दाजी या घरात फक्त बसत.

सगळे जमल्यावर मितेशने चादर ओढली. हिरवा रंग उन्हात असा लखलखला की गल्लीतली दोन माणसं थांबली. बाळारामच्या चेहऱ्यावर अभिमान उमटला आणि तो लपवायला त्याने खाकरून घेतलं. राहीबाई ओट्यावरच्या खुर्चीत होती, तिथून ती एकटक जीपच्या पुढच्या काचेकडे बघत राहिली.

आक्काने बोनेटवरून हात फिरवला. मितेशच्या गालावरूनही फिरवला. मग ती मागे गेली आणि थबकली.

"बाकं कुठं हाय?" तिने विचारलं.

मागे आता स्वच्छ, मोकळा, हिरवा पत्रा होता. समोरासमोरची दोन लांब बाकं गेली होती. मितेशने उत्साहाने सांगितलं की ती मूळची नव्हतीच, आजोबांनी भिवंडीत कोणाकडून तरी ठोकून घेतली होती, त्यांच्यामुळे मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर भार यायचा. बोल्टची आठ भोकंसुद्धा त्याने भरून, घासून, रंगवून टाकली होती. कुठे होती ते आता शोधून सापडणार नाही, असंही तो म्हणाला. चांगल्या कामाचं वर्णन करताना माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं विसरतो, तसं त्याचं झालं.

आक्काला ती बाकं अजून मांड्यांना आठवत होती. उन्हाने तापलेलं रेक्झिन, त्याची शिवण. उजव्या बाकाचं दाराजवळचं टोक तिचं. भाऊ दोन होते आणि खिडकी एक, म्हणून सात वर्षांची असताना तिने बाकाच्या खालच्या फळीवर खिळ्याने नाव कोरून ठेवलं होतं. लग्न होऊन निघाली तेव्हा याच टोकाला बसून, मुंडावळ्या सावरत, ती अंबाडीपर्यंत रडत गेली होती. बाप गाडी चालवत होता आणि बापही रडत होता.

ती बोलली तेव्हा आवाज चढवला नाही, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "जमिनीच्या हक्कसोडीवर सही केली तवा मी एक शब्द बोलले न्हाय. तुमी बोललात कर, मी केली. त्या जमिनीवर आता गोडाऊनं हाय, मी त्याच्याकडं बघत पन न्हाय. बाबांच्या सगल्या घरात माझं नाव लिहिलेली एकच वस्तू होती. ती काढताना मना विचारायचं होतं."

आणि ती ओट्यावर आईशेजारी जाऊन बसली.

इथून पुढे सगळे आपापली बाजू सोडून भलत्याच बाजूला गेले. सकाळपर्यंत जीप भंगारात घालायला निघालेला बाळाराम एकदम मुलाच्या बाजूने उभा राहिला, कारण हक्कसोडीचा कागद त्यानेच आणला होता आणि तो विषय निघाला की त्याला जीपचं इंजिनसुद्धा बोलायला बरं वाटायचं. पोराने चौदा महिने घाम गाळला त्याचं काही नाही आणि दोन फळ्यांसाठी रडता, असं तो म्हणाला. कुमारने फळ्यांचा शब्द पकडला. ज्याने बापाची आठवण फळी म्हणून मोजली त्याने बोलू नये, असं त्याने ऐकवलं. बाळारामने त्याच्या निळ्या लाइटचा उद्धार केला. कुमार म्हणाला, निदान माझे लाइट मी कोणाच्या गाडीचे उपटून लावलेले नाहीत, आणि हे बोलून झाल्यावर तो उगाचच थोडा लाल झाला. मेघाली, म्हणजे मितेशची आई, दोनदा बाहेर येऊन भाकऱ्या गार होतात म्हणून सांगून गेली.

दाजी खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. चादर निघाली त्याच क्षणी त्यांना जे दिसायचं ते दिसलं होतं. पण त्यांनी पाय नीट जुळवून घेतले आणि पंख्याकडे बघितलं. बावीस वर्षं ते अंबाडी नाक्यावर एका टेबलामागे बसून लोकांच्या गाड्यांचे कागद करत होते. नाव बदलायचं, रंग बदलायचा, मुदत वाढवायची, सगळा तालुका त्यांच्याकडे येत होता. फक्त सासरहून आजवर कोणी आलं नव्हतं. मितेशने या जीपसाठी ठाण्यातला कुठलासा एजंट फोनवर गाठला होता आणि त्याने न बघताच सगळं होऊन जाईल म्हणून सांगितलं होतं. आपण होऊन बोलावं तर जावई सासऱ्याच्या मालमत्तेत नाक घालतो असं व्हायचं. तेव्हा दाजी जेवले. पहिलं ताट त्यांचं होतं. सुरमईची तुकडी मोठी होती आणि त्यांना कोणी काही विचारलं नाही.

हात धुवायला मितेश त्यांच्या पाठोपाठ नळावर गेला. त्याच्या टेबलावर चार कोरे अर्ज होते आणि मंगळवार परवा होता. इतका हताश झाला नसता तर त्याने जावयाला काम सांगितलंच नसतं.

"दाजी," तो म्हणाला, "एकदा कागद बघता का?"

मागून बाळारामचा आवाज आला, "अरे, जावयाला कामाला लावतोस?" पण त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दाजींनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवलाही होता. इतक्या चपळाईने त्यांना हलताना या घरात कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी जीपचं जुनं नोंदणी पुस्तक उघडलं, अंगठ्याला थुंकी न लावता पानं उलटली, कारण ते जुन्या कागदाचा मान राखणारे होते, आणि तिसऱ्या पानावर थांबले.

"हे वाचलंस का?"

मितेशने इंजिन नंबर वाचला होता, चासी नंबर वाचला होता. हा शिक्का त्याने पुसट म्हणून सोडून दिला होता.

"एकोणनव्वद साली सासऱ्यांनी मागची बाकं बसवून रीतसर नोंद करून घेतलीय. आसनं नऊ. सरकारला ही जीप नऊ सीटची माहीत आहे. उद्या इन्स्पेक्टर मागे बघणार, बाकं नाहीत, आणि लिहिणार की परवानगी न घेता गाडीत बदल केला." दाजींनी चष्म्यावरून बघितलं. "तू तिला मूळची केलीस, पण कागदात ती आता मॉडिफाय झाली. रंगाचं तेवढं तुझं नशीब, पुस्तकात हिरवाच आहे."

कुमारने पुतण्याला 'मॉडिफाय' हा शब्द पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून दाखवायला सांगितलं. चार हजार माणसांना बदल करू नका म्हणून सांगणाऱ्याने आख्ख्या भिवंडीतला सगळ्यात मोठा बदल केला होता, ही गोष्ट त्याला इतकी आवडली की तो खुर्चीवर बसून डोळे पुसायला लागला.

"दाजी, तुमी आधी का न्हाय बोललात?" बाळारामने विचारलं.

"मला कोणी विचारलं नाही," दाजी म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्यात बावीस वर्षं होती, आणि बाळारामला ती ऐकू आली. त्याने मान खाली घातली. मग आत जाऊन स्वतःच्या हाताने दाजींसाठी पाणी आणलं आणि पुढचं सगळं आता तुम्हीच सांगा म्हणाला.

इद्रिसचं गॅरेज शुक्रवारी बंद आणि रविवारी चालू असे, हे त्या दिवशी उपयोगी पडलं. बाकं सापडायला वेळ लागला नाही. गॅरेजच्या बाहेर गिऱ्हाइकं ज्यांच्यावर बसून चहा पीत होती, तीच ती. चार ट्रकवाल्यांना उठवावं लागलं. आक्काने उजवं बाक उलटं करायला लावलं, गुडघ्यावर बसून पदराने फळी पुसली, आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत नाव दिसलं तेव्हा तिथेच इद्रिसच्या पाठीवर अर्ज ठेवून सही केली. सही हालली, पण दाजी म्हणाले चालेल.

मितेशचा खरा कसोटीचा क्षण पुढे होता. नव्या, गुळगुळीत, चौदा महिने जपलेल्या हिरव्या पत्र्यात आठ भोकं पाडायची होती. इद्रिसने ड्रिल त्याच्यापुढे धरलं. मितेश रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, तुम्हीच करा. प्रत्येक भोकाला त्याचा खांदा हलत होता. सातव्या भोकाला कुमारकाका त्याच्याजवळ आला आणि कानात म्हणाला की एक सांगायचंय, पण व्हिडिओ करायचा नाही. मग त्याने आपल्या काळ्या गाडीचं बोनेट उघडून दाखवलं. आत जीपचा जुना भोंगा बसवलेला होता. सतराव्या वर्षी पहिल्या पगारातून त्याने तो बापाच्या जीपला लावला होता, आणि मितेशने काढल्यावर भंगारात जाऊ नये म्हणून गुपचूप घेऊन आला होता. तो आवाज ऐकून लहान का वाटायचं, ते मितेशला आत्ता समजलं. काका भोंगा परत द्यायला तयार होता.

दाजींनी तिथूनच सांगितलं की हा भोंगा कायद्यात बसत नाही, जीपलाही नाही आणि काळ्या गाडीलाही नाही.

कुमार दुखावला. जावयाला बोलायला लावलं की असं होतं, असं तो पुटपुटला. पण आक्काची सही झाली होती आणि शब्द दिलेला होता, म्हणून त्याने बोनेट लावून अर्जावर भलीमोठी सही केली. बाळारामने आपल्या अर्जावर केली. जीपच्या टपावरून काढलेलं सामानाचं कॅरिअर मुळात कोणी लावलं होतं ते मात्र कोणालाच आठवेना, त्यामुळे त्याच्यावरून कोणी रुसलं नाही आणि ते इद्रिसकडेच राहिलं.

साडेपाचला जीप परत दारात आली, नऊ सीटची. फक्त राहीबाईची सही राहिली होती. ती तर आजी होती, ती करणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं. मितेशने पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"आरसा," ती म्हणाली.

मितेशला आठवलं. पुढच्या काचेवर मोठ्या आरशाशेजारी आणखी एक छोटा गोल आरसा होता. तो त्याने पहिल्याच आठवड्यात काढला होता, कारण तो चुकीच्या कोनात बसवलेला होता. त्यात मागचा रस्ता दिसतच नव्हता, नुसतं डाव्या बाकाचं टोक दिसायचं. पोरं मागे भांडतात म्हणून आजोबांनी तो लावला, अशी घरात समजूत होती. त्याने तो कुठे टाकला ते आता कसं सांगणार, म्हणून तो घाबरून उभा राहिला. त्याला नवा आणून देतो म्हणायचं होतं.

राहीबाई उठून आपल्या खोलीत गेली आणि पंच्यात गुंडाळलेला आरसा घेऊन आली. ती वर्षभरापूर्वीच रिक्षा करून इद्रिसकडे गेली होती आणि मागून घेऊन आली होती. रोज सकाळी ती त्यातच बघून केस विंचरत होती आणि घरात ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मितेशने आरसा जुन्या जागी बसवला. राहीबाई आक्काच्या हाताला धरून मागे चढली आणि अर्ज-पेन मांडीवर घेऊन डाव्या बाकाच्या टोकाला, आपल्या जागी बसली. बाकीचेही चढले. आक्का उजवीकडे दाराशी, दोघे भाऊ तिच्याकडे सरकून, आणि दाजी पुढे, मांडीवर कागदांची पिशवी धरून. वेशीपर्यंत एक फेरी मारायची ठरली.

"थोडा खाली कर," मागून राहीबाई सांगत होती. "आनखी. आता उजवीकडं. बस."

मितेशने बघितलं. गोल आरशात रस्ता नव्हता, बाकाचं रेक्झिन नव्हतं, भांडणारी पोरं नव्हती. फक्त आजीचा चेहरा होता, बरोबर मध्यभागी, केसांच्या भांगापासून हनुवटीपर्यंत. कोन चुकलेला नव्हता. कोणीतरी तो फार सावकाश, पुन्हा पुन्हा बघून लावलेला होता. मितेश बघतच राहिला. गाडी हळूहळू डावीकडे सरकत गटाराच्या कडेला गेली तेव्हा दाजींनी पिशवी सोडून डॅशबोर्ड धरला.

"रस्त्याकडं बघ," राहीबाई म्हणाली. "तुझा आजा असाच दोनदा नाल्यात गेला."

मितेशला आपला अकरा मिनिटांचा व्हिडिओ आठवला आणि इद्रिसच्या हातातला तो निर्दोष बॉक्स. राहीबाईने मांडीवरचा अर्ज सरळ केला आणि हलत्या गाडीत, एकेक अक्षर जोडत, आपलं नाव लिहिलं.

बाळाराम पन्नाशीचा होता, तरी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट त्याला अशी सोडवेना.

"आये," त्याने विचारलं, "मंग पयल्या येलची म्हैस?"

"म्हैस कुठली," राहीबाई म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं. "मी हासले होते."